कलरमधला यू गेला कुठं?

गेल्या सोमवारी स्टाफरूममध्ये निबंध तपासत बसले होते आणि एका निबंधापाशी हात थांबला...

कसबा बावड्यातल्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. तालुक्याच्या स्पर्धेला एकच निबंध पाठवायचा होता आणि वर्गातल्या समृद्धीचा सगळ्यात सरस होता. जरा जास्तच सरस.

कलरमध्ये यू नाही. ग्रेमध्ये ईच्या जागी ए. सेंटरच्या शेवटी आर-ई हवं तिथं ई-आर. आमच्या पुस्तकात ब्रिटिश स्पेलिंग, फळ्यावर मी लिहिते तेही ब्रिटिश... मग हे अमेरिकन आलं कुठून? मोबाईलवरून, दुसरं काय.

एखादी चूक असती तर सोडून दिली असती. पण सगळ्या चुका एकाच देशाच्या?

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि चार शिक्षकांसमोरच विचारलं, "कुणी लिहून दिला?"

"मीच लिवलाय, मॅडम."

समोर बसवून पाच ओळी लिहायला लावल्या. मी तिच्या हातावर नजर ठेवून होते. तिनं न अडता लिहिलं, आणि पुन्हा ग्रेमध्ये ए. तरी मला वाटलं, पाठ करून आली असणार... संशय असा चिवट असतो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते कागल एमआयडीसीत एका फाउंड्रीत लोखंडाचे ओतीव भाग तपासतात, तिथला माल अमेरिकेला जातो. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली.

"मॅडम, दहावीला इंग्रजीतच नापास झालतो मी. कंपनीत ड्रॉइंगवर समदं इंग्रजी. कळायचं न्हाय, म्हणून एकेक शब्द उतरवून घेत गेलो. पोरीला ह्याच वहीतनं शिकवलंय."

ग्रे आयर्न, सेंटर लाइन, कलर कोड... सगळी स्पेलिंगं अमेरिकन, पुढं मराठी अर्थ. आणि प्रत्येक शब्दाखाली समृद्धीनं केलेलं वाक्य. सुरुवातीची वाक्यं तिसरी-चौथीतल्या वेड्यावाकड्या अक्षरात, शेवटची परवाची.

मी पानं उलटत होते, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "चुकीचं शिकवलं काय मी?"

मी सांगितलं, अमेरिकन आणि ब्रिटिश, दोन्ही बरोबर. फक्त एका लिखाणात एकच पद्धत धरायची, आणि परीक्षेला पुस्तकातली. त्यांनी खिशातलं पेन काढून तेही वहीत लिहून घेतलं.

निबंध स्पर्धेला गेला, तिच्या स्पेलिंगसकट. मी समृद्धीची माफी मागितली... स्टाफरूममध्येच, त्याच चौघांसमोर.

"असू दे की, मॅडम," ती म्हणाली. पण माझ्याकडं बघितलं नाही. तिनं मान वर करून माझ्याशी बोलावं, एवढा विश्वास आता मलाच परत कमवायचाय... आणि त्या बापलेकींनी मला शाळेत उभं करून दोन शब्द सुनावले नाहीत, याबद्दल त्यांची ऋणी आहे.