नमुन्याचा पट्टा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही, आणि तो आता नाही. मुलीला मराठी समजते, पण ती बोलते हिंदीत – आणि ही गोष्ट मला हिंदीत सांगायची नाही. एक वाक्य हिंदीत बोलले होते, तेवढं पुरे आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

मी चौथी शिकलेली, मिरजेकडची. नवरा हवाई दलात, त्याच्या बदलीने चंदीगडला आले. सेक्टर बावीसमध्ये भाड्याची खोली. शिवणाला हात चांगला होता, म्हणून कारखान्यांच्या भागात एका शेडमध्ये काम मिळालं. विमानाच्या पोटातलं सामान हलू नये म्हणून जाळ्या बांधतात, त्या आम्ही बायका शिवायचो. जाड पट्टे, आडवे-उभे, सांध्यावर चौकोनी टाका. पुढे मी कटाईवर मुकादम झाले. चौथी शिकलेली बाई मुकादम – मला माज होता. तो आधीच सांगून टाकते.

मोठी विमानं, आत बसायला गेलं की मधे दोन वाटा असतात ती, परदेशात बनायची. तिथल्या कंपनीला जुनी विमानं आणखी भराभर काढायची होती, आणि त्याच वेळी त्यांचं नवं, लांब मॉडेलही आणायचं होतं. त्याचा ताण आमच्या शेडपर्यंत यायचा. मालक म्हणायचे, जुनं थांबायला नको आणि नव्याला उशीर व्हायला नको. बायका तेवढ्याच, मशिनं तेवढीच – मग व्हायचं कसं? हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यात ते दिवस. पंजाबात रोज कुठे ना कुठे माणसं मारली जात होती. आज बंद, उद्या कर्फ्यू. खेड्यांतून येणाऱ्या बायका वाटेतच अडकायच्या.

जसबीर तरी यायची. मोहालीच्या पलीकडच्या गावातली, शीख, जिभेने तिखट. माझ्या भाकरीला आजारी रोटी म्हणायची आणि अर्धी खायची. तिचा भाऊ घरातून निघून गेला होता, कुठे ते कळत नव्हतं. पोलीस घरी येऊन विचारून गेले होते. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आमच्याकडे पट्टा कापायचा तो लाकडी फर्म्यावरच, असा नियम. जुन्या मॉडेलचा फर्मा साधा, नव्याचा लाल रंगवलेला. दोन्ही माझ्या कपाटात. फर्मा बसवा, चिमटे लावा, खडूने खूण करा – वेळ जातो. आपण शिंप्याकडे काय करतो? मापाचा ब्लाउज टाकून येतो. कर्फ्यू थोडा वेळ उठला होता त्या सकाळी मी तेच केलं. एक तयार पट्टा उचलला, जसबीरला दिला आणि म्हटलं, नव्याचं माप हे, यावर काप. तिने लाल फर्म्याचं विचारलं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

तो पट्टा जुन्या मॉडेलचा होता. मी बघितलंच नव्हतं.

जाळ्या परत आल्या. आखूड पडल्या, नव्या विमानात कड्यांपर्यंत पोचेनात. कुणाला इजा झाली नाही, बसवतानाच कळलं. पण काम विमानाचं, आणि दिवस ते तसले – चूक आहे की कुणी मुद्दाम केलं, असं विचारणं आलं. मालकांच्या मागे पोलीस शेडमध्ये आले. कापलं कुणी? जसबीरने. कशावर?

तिने माझ्याकडे बघितलं. "तुसी दस्सो, दीदी." तुम्हीच सांगा. सहज म्हणाली. मी सांगितलं की संपलं, असं वाटलं असणार तिला.

मी म्हटलं, "मैंने तो लाल फर्मा ही दिया था।"

  मग पोलीस तिला घेऊन गेले.

मी घाबरले होते का? नवऱ्याच्या नोकरीला धक्का लागेल म्हणून? – बरीच वर्षं मी स्वतःला असंच सांगत होते. खोटं आहे. मी हवाई दलातल्या माणसाची मराठी बायको, मला कोण नेणार होतं? मालक बोलले असते, मुकादमी गेली असती. एवढंच. आणि तिला कशासाठी नेतायत, तिकडे काय विचारतील, हे बोलतानाच मला कळत होतं.

ती परत आली ती कामाला नाही, स्वतःची कात्री न्यायला. कात्री माझ्याच टेबलावर होती. तिने ती डाव्या हाताने उचलली. उजवा ओढणीत होता. मी विचारलं नाही. दीदी म्हणून तिने हाकही मारली नाही. पुन्हा मला दिसली नाही. मी शोधलंही नाही – गाव माहीत होतं, बस जात होती.

मुकादम मी निवृत्त होईपर्यंत राहिले. नव्या मॉडेलचं काम आम्हालाच मिळत राहिलं. पुढे मुलीने परदेशी बोलावलं तेव्हा तसल्याच मोठ्या विमानात बसले. पायाखाली सामान होतं, जाळीने बांधलेलं. मला ते ठाऊक होतं.

जेवण आलं, जेवले. मग मला चांगली झोप लागली.