आईनंच सोडवलेला उपास

ह्यांच्या प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा माझा देवावरचा विश्वास हलला, खोटं कशाला सांगू. साधी शिंक आली तरी हे कळवळायचे. डॉक्टर म्हणाले, शिरेतून एक किरणोत्सारी औषध देऊ. ते हाडांतल्या गाठी हुडकून तिथंच किरणं सोडतं. आजार मुळापासून जाईल असं नाही, पण ठणका कमी होईल, काही काळ आवरता येईल. औषध दिल्लीत मिळणार होतं. ते फार टिकत नाही, ठरल्या दिवशीच घ्यायचं.

मी बाई आमच्या झाशीत लक्ष्मी तालच्या काठावरल्या महालक्ष्मीपुढे बोलून बसले, की औषध ह्यांच्या अंगात जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. ह्यांना ते दिल्लीच्या गाडीत कळलं. "तू कोरडी राहणार आणि मी पिऊ?" एवढंच म्हणाले आणि बाटली बाजूला ठेवली.

हॉस्पिटलनं तर भरपूर पाणी पिऊन या म्हणून बजावलं होतं. नर्सनं विचारलं, ह्यांनी खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, उरलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडायला हवं, पाणी पोटात गेल्याशिवाय सुई लावणार नाही. मी हात जोडले, हे ऐकेनात. आणि व्रत मोडलं तर देवीआई ह्यांच्यावरच कोपेल, या भीतीनं मलाही पाणी तोंडाला लावायचा धीर होईना. औषध हातचं जाणार, असं वाटून रडू आलं.

शेजारी झाशीजवळच्या मऊरानीपूरकडची एक बाई होती, नवऱ्याला त्याच औषधासाठी घेऊन आलेली. आम्ही झाशीचे म्हटल्यावर ती आपलीच झाली. माझं सगळं ऐकून तिनं पिशवीतून तांब्या काढून माझ्यापुढे धरला.

"जिज्जी, कऊँ मताई अपने बच्चन खों प्यासो राखत? तुम पी लो, जीजाजी की अकड़ तो अब्भईं उतर जैहे."

मताई म्हणजे आई. ती कधी लेकरांना तहानलेलं ठेवते का, आणि तू प्यालीस की ह्यांचा ताठा आत्ताच उतरेल, असं तिचं म्हणणं. आणि अनोळखी बाईनं जीजाजी म्हणून टोमणा मारला, तसे हे हसले, कितीतरी दिवसांनी. मी डोळे मिटून प्यायले. मग ह्यांनी तांब्यासाठी हात पुढे केला आणि हेही प्यायले. दुपारी औषध शिरेत गेलं.

नंतर काही दिवस, अंगातल्या किरणांमुळे, नातीला ह्यांच्यापासून लांब ठेवलं. ती दारातूनच बडबडायची. हळूहळू ठणका ओसरला. परवा तर हे मला न सांगता बाजारातल्या मानिक चौकात जाऊन गरम जिलबी घेऊन आले.

पुढचे डोस बाकी आहेत, त्यांचं काय होईल ठाऊक नाही. देवीपुढे अजून जाते, पण अटी घालत नाही. आपण काय सोडायचं हे मीच ठरवून बसले होते. आईला मात्र त्या बाईच्या हातून मला काहीतरी द्यायचं होतं.