ताटं धुण्याचा परिच्छेद

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी आदरातिथ्य शिकायला बसले. त्याआधी नऊ वर्षं तेच करत होते, पण त्या कामाला एवढं भारदस्त नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. वर्ध्याला एका मोठ्या दवाखान्याजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी एका ट्रस्टचं निवास होतं. अठरा खोल्या, एक लांब जेवणघर, मागे स्वयंपाकघर. मी तिथली व्यवस्थापिका. म्हणजे चादरी धुवायला पाठवायच्या, किल्ल्या सांभाळायच्या, संडास तुंबला की माणूस शोधून आणायचा आणि रडत आलेल्या माणसाला आधी जेवायला बसवायचं. रोज सकाळी देवळीहून एसटीनं यायचे आणि दिवस मावळताना एसटीनंच परत जायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. ट्रस्टचे सचिव निवृत्त हेडमास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. एक दिवस त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर बसवलं, पाणी दिलं. गुरुजींनी पाणी दिलं म्हणजे बातमी वाईट, हे एव्हाना मला कळत होतं.

"ताई, नवी इमारत होऊन राह्यली. देणगी बाहेरच्या एका मोठ्या माणसाची आहे. त्याची अट आहे, व्यवस्थापक हॉस्पिटॅलिटीचं सर्टिफिकेटवाला पाह्यजे."

"मी नऊ वर्षांपासून करून राह्यली ना, गुरुजी."

"मले माहीत आहे. त्याले कागद पाह्यजे."

वर्षभराची मुदत होती. तेवढ्यात मी कागद आणला नाही तर नागपूरहून डिग्रीवाला येणार आणि मी त्याच्या हाताखाली जाणार. मला खुर्चीचा मोह होता असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. होताच. बारावी झालेल्या बाईला आयुष्यात एकच खुर्ची मिळाली होती, आणि ती मी कुणा पोराटोराला सोडणार नव्हते.

कॉलेजात जाऊन शिकायची सोय नव्हती. गुरुजींनीच पेपरातलं एक कात्रण दिलं. इंटरनेटवरून दूरशिक्षण, एका वर्षाचा अभ्यासक्रम, परीक्षा कॉम्प्युटरवर, प्रकल्प ईमेलनं पाठवायचा. नवऱ्याचं देवळीत मोटार वायंडिंगचं दुकान. त्यानं कात्रण दोनदा वाचलं. "घरीच बसून होते म्हनतात," तो म्हणाला, "पन कोनाच्या घरी?" आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि असता तरी भारनियमनात दुपारभर लाइट नसायची.

मग मी वर्ध्याच्या बसस्टँडजवळचं एक टायपिंग इन्स्टिट्यूट गाठलं. तिथल्या सरांनी अर्ध्या खोलीत टाइपरायटर तसेच ठेवून उरलेल्या अर्ध्यात तीन कॉम्प्युटर मांडले होते. एकीकडे मुली परीक्षेसाठी खटाखट बोटं आपटत आणि दुसरीकडे मी पडद्यावर एक पान उघडायची वाट बघत बसलेली. पान वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी संस्थेचं नाव, मग हसणाऱ्या मुलीचं कपाळ, मग डोळे. तिचं हसू दिसेपर्यंत माझ्या बसची वेळ जवळ आलेली असायची.

अभ्यास इंग्रजीत. मी पानं छापून घ्यायची आणि बसमध्ये डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. दोन ओळींत डोळे मिटायचे. तीन वेळा तर देवळी मागे पडून मी भिडीला जाऊन उतरले. तिथून परतीची गाडी मिळेपर्यंत स्टॉपवर बसून राहायचं, आणि घरी गेल्यावर काऊन उशीर झाला ते सांगायचं. कणीक मळताना हात चालायचे, डोकं नाही. त्या वर्षातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर झोप. न मिळालेली झोप.

आणि शिकवत काय होते? रुमालाचा हंस कसा करायचा. कोणत्या दारूला कोणता ग्लास. आता वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आमच्या निवासात तर चहासुद्धा दोनच वेळा. तरी मी सहा प्रकारच्या ग्लासांची नावं पाठ केली. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "कोनत्या देवाचं म्हनून राह्यली, ताई?" मी सांगितलं, परीक्षेच्या देवाचं.

एका चाचणीत प्रश्न होता: पाहुण्याला निरोप देताना काय म्हणाल? चार पर्याय होते. बरोबर उत्तर होतं, पुन्हा अवश्य या. मी ते निवडलं नाही. आमच्याकडे 'पुन्हा या' कुणी म्हणायचं नाही, चुकूनही नाही. एरवी कुणाच्याही घरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, पण आमच्या दारातून निघताना तेही कुणी म्हणत नसे. नुसते हात जोडायचे. कॅन्सरच्या वॉर्डातून सुटलेल्या माणसाला पुन्हा या म्हणणारी बाई मला दाखवा. त्या प्रश्नाला मला शून्य मिळालं. मी सरांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बरोबर तुमचंच हाये. पन मार्क त्याइच्या हातात हायेत."

तेव्हापासून मी उत्तर लिहिताना आधी स्वतःला विचारायची, हे आपल्याला माहीत असलेलं लिहायचं की त्यांना पाहिजे असलेलं? पुष्कळदा त्यांना पाहिजे असलेलंच लिहायची. पास होत गेले.

शेवटी प्रकल्प आला. आपल्या कामाच्या ठिकाणी पाहुणा आल्यापासून जाईपर्यंत त्याची सेवा कशी होते ते सविस्तर लिहा, फोटो जोडा. याला सगळ्यात जास्त गुण. इथे मी फसले. मला वाटलं, चला, हे तर आपल्या घरचं. बारा पानं मराठीत लिहून काढली, सरांनी ती इंग्रजीत केली. आणि त्यातला जो परिच्छेद मी सगळ्यात मन लावून लिहिला, तो ताटं धुण्याचा होता.

आमच्या जेवणघरामागे ओसरीत आठ नळांची रांग होती. खाली सिमेंटचा ओटा, कोपऱ्यात राखेचं घमेलं आणि काथ्या. जेवण झालं की ज्याचं ताट त्यानं धुवायचं आणि जाळीवर पालथं घालायचं. हा नियम निवास सुरू झालं तेव्हापासूनचा, सेवाग्राम इतकं जवळ असल्यावर तो कुठून आला ते वेगळं सांगायला नको. गुरुजी धुवायचे, ट्रस्टी आले तर ते धुवायचे. एकदा एक तहसीलदार आले होते, त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावून धुतलं. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी आपल्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचा. एखाद्या शेठजींच्या घरची बाई आधी शेवटचा नळ रिकामा व्हायची वाट बघायची. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या नळावर उभी राहून शेजारणीला विचारायची, "तुमच्या मानसाचा रिपोर्ट आला का वो?" हे सगळं मी लिहिलं. स्टुडिओवाल्याला बोलावून नळांच्या रांगेचा फोटो काढून घेतला आणि पहिल्याच पानावर लावला. आमच्या निवासातली सगळ्यात चांगली गोष्ट, असं खाली लिहिलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. तपासणाऱ्या मॅडमनी त्या परिच्छेदाला लाल रंग दिला होता. पाहुण्यांकडून भांडी धुवून घेणं ही गंभीर त्रुटी आहे, सेवा या भागात शून्य गुण, पद्धत सुधारून तीन आठवड्यांत प्रकल्प पुन्हा पाठवा, नाहीतर नापास. मी ते पडद्यावर दोनदा वाचलं. राग आला, आणि लाजही वाटली. नऊ वर्षं आपण लोकांकडून भांडी घासून घेत होतो, असंही एकदा मनात आलं.

पद्धत सुधारा असं लिहिलं होतं, म्हणून मी खरंच सुधारली. दुसरं काही करता येतं हे त्या दिवशी मला सुचलंच नाही. जेवणघरात पाटी लावली: ताटं जागेवरच ठेवावीत. स्वयंपाकाची बाई आणि मी, दोघी फिरून ताटं उचलायचो. तिच्या कपाळाला आठ्या. "आता मानसाइले हात नाईत का?" म्हणायची. स्टुडिओवाला पुन्हा आला, ताट उचलतानाचा माझा फोटो काढून गेला. फोटोत मी हसते आहे.

लोक मात्र उठेनात. जेवण झालं तरी उष्ट्या हातानं बसून राहायचे. पूर्वी नळावर बोलणं व्हायचं, तेही बंद. चौथ्या दिवशी दुपारी मी एका माणसाच्या समोरचं ताट उचलायला वाकले. पांढरकवड्याकडचा होता, पन्नाशीचा, त्याची बायको जळीत वॉर्डात होती. त्यानं ताटाची दुसरी कड धरून ठेवली.

"राहू द्या, बाई."

"आम्ही नेतो ना, भाऊ. आता नियम बदलला."

"काऊन बदलला?" त्याचा आवाज चढला, सगळे बघायला लागले. "तिथं मले तिले हात लावू देत नाईत. पानी पाजू देत नाईत. दिवसभर काचीच्या भाईर हुभा राह्यतो मी. इथं एक थाली तं धुऊ द्या!"

मी ताट सोडलं. तो ओसरीत गेला आणि राख घेऊन ते घासत बसला. ते ताट पहिल्या फेऱ्यातच लख्ख झालं होतं, तरी त्यानं पुन्हा राख घेतली. मी पाटी काढली आणि कपाटामागे टाकून दिली. संध्याकाळी नळांवर पुन्हा रांग लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण प्रकल्प पाठवायचाच होता. मी गुरुजींकडे गेले. मनात होतं, गुरुजी म्हणतील, ताई, आपण त्यांना पत्र लिहू. स्वतः रोज ताट धुणारा माणूस, तो नाही तर कोण म्हणणार? गुरुजींनी मॅडमचा शेरा वाचला, चष्मा काढला. "काढून टाका ना तेवढं," म्हणाले. "आपल्याले सर्टिफिकेटशी मतलब." सर त्याहून सोपं बोलले. "परिच्छेद सिलेक्ट करा, ताई, आन डिलीट दाबा. नळ काई तुटत नाईत त्यानं."

मी दाबलं. इतकी थकले होते की वाद घालायला अंगात जोर नव्हता, हे एक कारण. आणि खुर्ची हवी होती, हे दुसरं. त्या जागी अभ्यासक्रमाच्या पुस्तकातलं वाक्य टाकलं: भोजनानंतर कर्मचारी पाहुण्यांची ताटं नम्रपणे उचलतात आणि ती वेगळ्या कक्षात धुतली जातात. पहिल्या पानावरचा नळांचा फोटो काढून माझा हसरा फोटो लावला. मॅडमनी उत्तम असा शेरा दिला. दोन महिन्यांनी सर्टिफिकेट पोस्टानं आलं. नवऱ्यानं ते लॅमिनेट करून आणलं, पेढे वाटले, आणि मी त्या रविवारी जेवून जी झोपले ती चहालाही उठले नाही.

माझी खुर्ची राहिली. नवी इमारत मागच्या आवारात उभी राहायची होती. एक दिवस गुरुजींनी हौसेनं नकाशा आणून माझ्या टेबलावर पसरला. तेव्हाही त्यांनी आधी पाणी दिलं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

"इंजिनिअरनं विचारलं, तुमाले काय काय पाह्यजे? मी म्हटलं, आमच्या ताईनं लिहूनच ठेवलं हाये. तुमचा प्रोजेक्ट देऊन टाकला त्याले. पाहा, जसंच्या तसं केलं."

जसंच्या तसंच होतं. जेवणघराला फरशी, खुर्च्या-टेबलं, ताटं न्यायची ढकलगाडी. शेजारी धुण्याची खोली, तिला दार, दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. ओसरी नव्हती. नळांची रांग नव्हती. मी बोट फिरवत सगळा नकाशा शोधला. बोलायची वेळ ती होती. पण बोलले असते तर आपण लिहिलं ते खोटं होतं हे देणगीदाराला सांगावं लागलं असतं, त्याची अट होती, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेलं होतं. कोपऱ्यात व्यवस्थापकाच्या सहीची जागा होती. गुरुजींनी पेन पुढे केलं आणि मी सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात जुनं जेवणघर ओसरीसकट पाडलं. नव्यात सगळं स्वच्छ, झकपक, येणारा प्रत्येक जण छान आहे म्हणतो. फक्त जेवण झालं की कुणीतरी उठतं, गावाकडची एखादी बाई, नाहीतर म्हातारा, ताट हातात घेऊन इकडे तिकडे बघतं आणि मला विचारतं, "नळ कुठीसा हाये, बाई?"

"द्या इकडे," मी म्हणते आणि हात पुढे करते. पुष्कळ जण देऊन टाकतात. काही देत नाहीत, दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहतात. मग मला ते ओढून घ्यावं लागतं.