मॅरेज गार्डनवरचं नर्सिंग कॉलेज

सरकारी रुग्णालयातून सिस्टर ट्यूटर म्हणून निवृत्त झाले आणि त्याला दोन वर्षं होऊन गेल्यावर मला कळलं, की मी एका खासगी नर्सिंग कॉलेजची उपप्राचार्य आहे.

बातमी आणली माझ्या भावाच्या मुलीनं. गणपतीत ती किला गेटहून आमच्याकडे नया बाजारात आरतीला आली होती. मोदक खाता खाता म्हणाली, "आत्या, तुमची फोटो आमच्या कॉलेजमध्ये लागली आहे. मुझे लगा, तुम्ही स्वतःच सांगाल कधीतरी."

आमच्या ग्वाल्हेरच्या पोरांचा फोटो हिंदीसारखा बाईमाणूसच असतो, आणि मराठीत निघालेलं वाक्य हिंदीत कुठे उतरतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. मी सवयीनं आधी "लागला आहे" अशी दुरुस्ती केली आणि मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं.

मग आठवलं. निवृत्तीच्या सुमारास ओळखीच्या एका बाईंनी अर्धवेळ शिकवायचं काम आहे म्हणून माझ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि दोन फोटो नेले होते. पुढे कुणाचा फोन आला नाही, मीही विसरून गेले. माझ्या गैरहजेरीत मला बढती मात्र मिळत गेली होती.

सोमवारी तिच्याबरोबर मी माझं कॉलेज बघायला गेले. बायपासच्या अलीकडे टेंपोतून उतरलो. खाली लग्नांना भाड्यानं देतात तसलं मॅरेज गार्डन, दारात सिमेंटचे दोन हत्ती. आणि वरच्या दोन मजल्यांवर कॉलेज. संचालक चाळिशीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. आधी त्यांचं मांडव-पलंग भाड्यानं द्यायचं टेंट हाउस होतं, मग गार्डन झालं, आणि वरची जागा रिकामी पडते म्हणून कॉलेज. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, कचोरी मागवली आणि म्हणाले की मॅडम, तुम्ही तर आमच्या घरच्याच, इतक्या उशिरा आलात. तक्रार करायला आलेल्या माणसालाच त्यांनी उशिरा आल्याबद्दल ओशाळं केलं. ही कला सगळ्यांना जमत नाही.

भिंतीवर शिक्षकांचा बोर्ड होता. त्यात माझा फोटो होताच, पण बाकीचेही चेहरे ओळखीचे निघाले. सगळ्या माझ्याबरोबरच्या निवृत्त सिस्टर. त्यातल्या एकींच्या तेराव्याला मी स्वतः जाऊन आले होते. इथे त्या अजून बालरोग शिकवत होत्या.

प्रयोगशाळा दाखवा म्हटलं. एका खोलीत पलंगावर रबराचा एक माणूस झोपला होता. नर्सिंगच्या मुली आधी त्याच्यावर हात साफ करतात, मग खऱ्या रुग्णाजवळ जातात. तो कंपनीतून आला तसा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. हे का काढलं नाही, असं विचारल्यावर संचालक म्हणाले, मुली हात लावतील, खराब होईल.

खाली उतरले ते रागानंच. सरळ कलेक्टर कचेरीत जाऊन अर्ज द्यायचा असं मनाशी ठरवलं होतं. टेंपोत भाची रडायला लागली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरं वर्ष चालू होतं आणि पहिल्याची परीक्षासुद्धा अजून झाली नव्हती. अशा कॉलेजांविरुद्ध हायकोर्टात याचिका चालू होती, रोज पेपरात कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मान्यता गेल्याची बातमी असायची. आपलंही बंद झालं तर आम्ही मुलींनी कुठे जायचं, बाबांना काय सांगायचं? माझा भाऊ साधा बस डेपोतला माणूस. आमच्या घराण्यात पूर्वी सगळे पलटणीत. मुलगी पांढऱ्या कपड्यांत रुग्णालयात उभी राहील, एवढंच त्याचं स्वप्न.

दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी संचालकांना जाऊन सांगितलं, की माझं नाव बोर्डावर राहायचं असेल तर मी शिकवणार. रोज. ते हसले आणि हो म्हणाले. म्हातारी आठ दिवसांत कंटाळेल असा त्यांचा हिशेब असावा.

पहिल्या दिवशी मी घरून कात्री नेली आणि मुलींसमोर त्या रबरी माणसाचं प्लॅस्टिक कापलं. मुली अशा बघत होत्या, जणू मी सरकारी सील तोडतेय. त्यांना गाइडमधली उत्तरं घडाघडा पाठ होती. ज्वराची व्याख्या विचारा, धाप न लागता सांगायच्या. पण थर्मामीटर झटकायला दिला तर एकीनं तो सरळ भिंतीवर मारला. माझं बीपीचं जुनं यंत्र मी घेऊन गेले. मुलींनी आधी एकमेकींचं बीपी घेतलं, मग चौकीदाराचं, मग खाली झेंडूच्या माळा बांधणाऱ्यांचं. फुलवाले तर रांग लावायचे. मला पुन्हा नोकरीला लागल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत मी तक्रारीचा अर्ज पार विसरले.

वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल होता. कागदोपत्री तिथे कॉलेजचं रुग्णालय होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी संचालकांना कुठून तरी फोन यायचा. मग टेंट हाउसचे पलंग वर चढायचे, चौकातून मजूर आणून त्यांच्यावर चादरी घातल्या जायच्या. हे मला मुलींनी सांगितलं. रुग्ण तेच असायचे, आजार मात्र दर वेळी बदलायचे.

या खेपेला फोन आला नाही. कोर्टानं स्वतःचा एक न्यायिक अधिकारी नेमला होता. बरोबर जागा मोजायला पटवारी आणि सरकारी कॉलेजातल्या एक नर्सिंगच्या मॅडम. कुठे जायचं ते जीपमध्ये बसल्यावरच सांगितलं गेलं होतं म्हणे. सकाळी अकराच्या सुमारास जीप हत्तींच्या मधून आत शिरली, तेव्हा गार्डनमध्ये लग्न होतं.

भिंडकडची वरात होती. रात्रभर नाचून वऱ्हाडी थकले होते आणि त्यांना झोपायला तोच वरचा हॉल दिला होता. म्हणजे खाटा होत्या, खाटांवर माणसंही होती; फरक एवढाच, की काहींच्या डोक्याला गुलाबी फेटे होते. संचालक दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, आणि अधिकारी पोचायच्या आत त्यांनी वऱ्हाड्यांना हात जोडून विनवलं, की पाच मिनिटं नुसते पडून राहा, बोलू नका. वऱ्हाडाला काय, आयतं पडून राहायचं होतं.

अधिकारी तरुण होते, फार कमी बोलायचे. त्यांनी पहिल्या खाटेजवळ थांबून विचारलं, काय होतंय? तो वऱ्हाडी प्रामाणिक निघाला. रात्री रसमलाई जास्त झाली, म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं की तो नवऱ्याचा मावसभाऊ आहे. पटवारी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी दारात मुलींबरोबर उभी होते आणि ओठ घट्ट मिटून धरले होते.

तेवढ्यात भाचीनं माझी बाही ओढली. "आत्या, ते कोपऱ्यातले काका बघा."

कोपऱ्यातल्या खाटेवर साठीचे एक गृहस्थ होते, नवऱ्याचे थोरले काका. भिंतीकडे वळून पडले होते. कपाळावर घाम, तोही नोव्हेंबरात. चेहरा राखेसारखा. मी विचारलं तर म्हणाले, कुछ नहीं बिन्नी, गैस है; त्यांच्याकडे बहिणीला बिन्नी म्हणतात. डावा हात मात्र छातीवर दाबून धरलेला. भाचीनं न सांगता बीपीचं यंत्र आणलं, पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला. तिनं सांगितलेला आकडा ऐकून मी तो स्वतः पुन्हा घेतला. तिचा बरोबर होता, आणि तो चांगला नव्हता.

मी म्हटलं, यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. अधिकाऱ्यांनी संचालकांना तुमची अँब्युलन्स काढा म्हणून सांगितलं. अँब्युलन्स इमारतीमागे उभी होती. पांढरा रंग, लाल पट्टी, वर दिवा, सगळं होतं. चाकं विटांवर होती. शेवटी काकांना कोर्टाच्या जीपमध्ये घातलं. मी एका बाजूला, भाची दुसऱ्या बाजूला, समोर त्यांचा पुतण्या, शेरवानीतला नवरदेव. अधिकारी, पटवारी आणि नर्सिंगच्या मॅडम मागेच राहिले, जागा मोजत.

हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. काका वाचले. संध्याकाळी नवरदेव सप्तपदीला परत गेला.

दुपारी मी कॉलेजवर परतले तेव्हा अधिकारी टेबलाशी कागद मांडून बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं की तुम्ही इथे उपप्राचार्य आहात? संचालक त्यांच्या मागे उभे होते. भाची दारात होती. तिची नजर मला कळत होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर कॉलेज कदाचित तरलं असतं. पण सकाळचा तो राखेसारखा चेहरा डोळ्यांपुढे होता. या मुली उद्या अशाच माणसांजवळ उभ्या राहणार, आणि यांना कुणी काही शिकवलेलंच नसणार.

"कागदावर दोन वर्षं आहे," मी म्हटलं. "खरी तीन महिने. पगार एकदाही घेतला नाही. आणि बोर्डावरच्या तिसऱ्या मॅडम वारल्या आहेत."

त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी सही केली.

भाची माझ्याकडे यायचीच बंद झाली. भावानं फोन केला, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला की ताई, तू तरी थोडं थांबायचं होतंस. ते मला लागलं, कारण मी थांबले होतेच. तीन महिने थांबले होते.

पुढे मला साक्षीला बोलावलं, तेव्हा आणखी एक शोध लागला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या हजेरीपटावरही मी होते, त्याच तारखांना. संचालकांच्या वकिलांनी मला घेरायचा प्रयत्न केला, की एकाच दिवशी तुम्ही दोन जिल्ह्यांत कशा होतात? मी सांगितलं, दोन्हीकडे नव्हते, गोरखीतल्या शाळेत नातवाच्या पालकसभेला होते. कोर्टात हसू पिकलं. वकीलसाहेबही हसले, त्यांचा स्वभाव बरा होता.

कॉलेजची मान्यता गेली. संचालकांवरचा खटला अजून चालू आहे. मुलींना मात्र कोर्टानं वाऱ्यावर सोडलं नाही. ज्यांचे प्रवेश नियमात होते त्यांना परीक्षेला बसू द्यावं आणि खरं रुग्णालय असलेल्या कॉलेजांत हलवावं, असा आदेश झाला. त्याला वेळ लागला. दरम्यान दोघींची लग्नं झाली, एक ब्यूटी पार्लर शिकायला गेली. उरलेल्या माझ्या बैठकीच्या खोलीत अभ्यासाला यायला लागल्या. परीक्षेला बसू शकणाऱ्यांच्या यादीत भाचीचं नाव आलं त्या दिवशी तीही आली, चपला काढून मागे बसली. मी रक्ताभिसरणाचा धडा पहिल्यापासून सुरू केला.

पहिल्या वर्षात ती पास झाली. शरीररचनेत जेमतेम, बाकीत बरी. आता दोन टेंपो बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाते आणि आठवड्याचे चार दिवस वॉर्डात उभी असते. रविवारी माझ्याकडे जेवायला येते. परवा आली ती तक्रार घेऊनच. वॉर्डातली सिस्टर फार कडक आहे, चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून तिनं सगळ्यांसमोर तीनदा पलंग घालायला लावला, आणि नंतर म्हणते, त्या पलंगावरच्या आजीबाईंचे केस पण विंचर.

"मग विंचरलेस का?" मी विचारलं.

"विंचरले ना. वेणी पण घातली." ती ताटावरूनच म्हणाली. "आत्या, वरण अजून आहे का?"