त्या दगडाच्या पाठीमागं कुणी गेलं नाही

कागदी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होते. घोड नदीकाठच्या एका वीरगळाबद्दल एका मुलानं लिहिलं होतं, 'मंदिराच्या आडोशाला असल्यामुळे या शिळेवरील कोरीवकाम आजही ताजे आहे.' वाक्य माझंच, माझ्या प्रबंधातलं, मग त्याच्या झालेल्या पुस्तकातलं, वर्गात दरवर्षी मीच सांगितलेलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि फोन उचलला. सरांची मुलगी शबाना एवढंच म्हणाली, "ताई, अब्बा गेले. झोपेतच गेले." फोन ठेवून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ते खोटं आहे हे मला बारा वर्षं ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं...

सर जुन्नरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. घराण्याचा धंदा हातकागदाचा, तो आजोबांबरोबर संपला. आडनाव राहिलं आणि कुठलाही कागद हातात आला की अंगठ्यानं चाचपून बघायची सवय राहिली. मी मूळची कळंबची, शिकायला जुन्नरला मामाकडे. कलेचा इतिहास शिकणार म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, त्यानं पोट भरतं का? सरांनी विचारलं, "डोंगर चढता येतो ना? मग झालं." पुढे पुण्याहून लेणी बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते फुकट हिंडवत, तेव्हा मीही मागोमाग असे. पहिला तासभर ते सगळ्यांना मोबाइल पिशवीत ठेवायला लावत. वही काढली की बजावत, "पेननं लिहू नका. दगड उद्या आणखी काही सांगेल, तेव्हा खोडता आलं पाहिजे." आणि कुठल्याही मूर्तीपाशी, शिळेपाशी गेलं की त्यांचं एकच, "आधी पाठीमागं जा. तोंड काय, सगळेच बघतात." पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसायची. तास संपला की फोटो काढून, सरांच्या घरचा चहा पिऊन, निघून जायची. त्यांच्या प्रबंधांत सरांचं नाव शोधून बघा, मला तरी कधी सापडलं नाही. मला त्या पोरांचा भयंकर राग येतो. पण त्यांच्यावर ओरडायचं तोंड मला नाही, कारण मी त्यांच्याहून वाईट वागले.

माझ्या प्रबंधाच्या दिवसांत घोड नदीकाठच्या एका गावात ओढ्यावर बंधाऱ्याचं काम चालू असताना जेसीबीनं एक लांबट दगड उलटा केला आणि खालून घोडेस्वार, अप्सरा, सूर्य-चंद्र असा अख्खा वीरगळ वर आला. गावकऱ्यांनी तो उचलून मारुतीच्या देवळाशेजारी उभा केला. सर मला घेऊन गेले. मी समोरून चाळीस-पन्नास फोटो काढले. सर मात्र पाठीमागं जाऊन बसले होते. "इकडं ये," ते म्हणाले. "सर, उजेड जातोय," मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. त्यांनी पाठीवर ओला कागद बसवला, ब्रशनं हळूहळू ठोकला, शाईचा बोळा फिरवला आणि कोऱ्या बाजूचाच ठसा घेतला. मला वाटलं, म्हातारपण! मग ते मला शेजारच्या ठकूबाईकडे घेऊन गेले. ती खळखळून हसली. "आगं, त्या दगडावर तर आमी धुणं धुयाचो. माझी सासू बी तिथंच धुयाची. लई गुळगुळीत व्हता. खाली काय कोरलंय ते आमाला काय ठावं? तोंड मातीत व्हतं त्याचं." सरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बायका पाठीवर कपडे आपटत राहिल्या, म्हणून तो पालथा राहिला, आणि पालथा राहिला म्हणून त्याचं तोंड ऊनपावसातून वाचलं. एवढी सुंदर गोष्ट मला त्यानंतर कधी सापडलेली नाही.

मी ती लिहिली. ठकूबाईच्या नावानं आणि सरांच्या नावानं लिहिली. माझ्या गाईडनी तो परिच्छेद लाल पेननं आडवा कापला. "शाळेचा ड्रॉइंग मास्तर आणि धुणं धुणारी बाई हे संदर्भ होत नाहीत. शेजारी देऊळ आहे ना? मग आडोसा देवळाचा. पुढं चला." आणि मी पुढं चालले. पदवी हवी होती, नोकरी हवी होती. गाईडवर मी आजही चिडते. पण पेन त्यांचं असलं तरी नवं वाक्य टाइप करणारी बोटं माझी होती. बांधलेला प्रबंध सरांना द्यायला गेले, तेव्हा त्यांनी आधी कागद चाचपला, मग ते पान काढून सावकाश वाचलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "ठकूबाईला वाचून दाखवलंस का?" मी नाही म्हणाले. "बरं," ते म्हणाले आणि आत चहा सांगायला उठले.

सर गेल्यावर महिन्याभरानं जुन्नरला शोकसभा झाली. फोटोला हार, 'कलेचे निःस्वार्थ उपासक' वगैरे सगळं झालं. ज्यांनी उभ्या जन्मात त्यांचं नाव एका तळटीपेत घातलं नाही ते निःस्वार्थ म्हणत होते! निःस्वार्थ का नसतील? स्वार्थ सगळा आपणच घेऊन गेलो होतो. एक पाहुणे मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या वीरगळाचं गावानं सोनं केलंय, बघून या." मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. चौथऱ्यावर चकचकीत फरशी, घोडेस्वाराला सोनेरी ऑइलपेंट, आणि दगडाची पाठ देवळाच्या भिंतीला सिमेंटनं गच्च चिकटवलेली. शेजारी बोर्ड. बोर्डावर माझं वाक्य, खाली माझं नाव, पदवीसकट.

ठकूबाई आता काठी टेकत चालते. मला ओळखून जवळ आली. "काय लिवलंय गं त्यावर? मला कुठं वाचता येतंय. तू वाच की." मी वाचलं. मंदिराच्या आडोशाला असल्यामुळे... तिनं काठीच्या टोकानं बोर्ड ठोकला. "आन्‌ मंग आमी काय धुतलं इतकी वर्सं?" तीच पुढं म्हणाली, "मास्तर आले व्हते बग, तीन वर्सांमागं, सिमिट टाकायच्या टायमाला. दोनदा आले. लई भांडले. म्हनले, पाठ बुजवू नका. तर पोरांनी तुजं पुस्तकच काडून म्होरं धरलं. म्हनले, मास्तर, शिकल्याली बाई असं लिवतीया, तुमी कोन? मंग काय बोलनार? गेले."

सर हे मला कधीच बोलले नाहीत. त्यानंतर तीन ईदांना मी त्यांच्या घरी शीरखुर्मा खाऊन आले, आणि ते हसून माझ्या विद्यार्थ्यांची चौकशी करत राहिले.

तेव्हा कलेचा इतिहास शिकायला निघालेल्या मुलांनो, दरवर्षी तुम्ही मला विचारता, मॅडम, कुठली पुस्तकं वाचू? वाचा, हवी तेवढी वाचा. पण ज्या बाईच्या दारात तो दगड आहे, तिला तुमचं पान वाचून दाखवल्याशिवाय माझ्याकडे आणू नका. आणलंत तर मी फाडून टाकेन. विद्यापीठाला दुरुस्तीचं पत्र पाठवलंय, पाठ मोकळी करा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. तिथं मला सांगितलं, "मॅडम, तुमच्याच पुस्तकात..."

शबानानं सरांच्या खोलीतली एक गुंडाळी मला दिली. ते दगड मोजायला वापरत त्याच दोरीनं बांधलेली. त्या पाठीचा ठसा. काळाकरडा कागद, मधोमध हातांनी आणि कपड्यांनी झिजून झालेला उथळ खळगा, बाकी काही नाही. ती बाजू आता एवढीच उरली आहे. खाली सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय, 'पाठीमागची बाजू. माहिती : ठकूबाई व त्यांच्या सासूबाई.' त्याखाली 'ठसा घेतला :' आणि पुढं कोरं. स्वतःचं नाव त्यांनी घातलेलंच नाही.

मी अंगठ्यानं कागद चाचपला. मग त्या कोऱ्या जागी सरांचं पूर्ण नाव लिहिलं. पेननं.