सतरा पेट्यांमधला पेंढा

भगवंतांनी नारायणगावच्या बाजारात एकतीस वर्षं पेट्या भरल्या. प्लास्टिकचे क्रेट यायच्या आधीचं काम ते. लाकडी खोकं, तळाला पेंढा, मधे टोमॅटो, वर पुन्हा पेंढा. त्यांच्या हातची पेटी सुरतेला उतरली तरी माल चेंबायचा नाही, असं व्यापारी सांगत. भगवंत स्वतः काही सांगत नसत.

लेक स्नेहल संसार घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा सामान कोण बांधणार हे कुणी विचारलंच नाही. स्नेहल नर्स. जावई भरत दोन महिन्यांपूर्वी पुढं गेलेला. सामान बोटीनं जायचं होतं. पुण्याच्या कंपनीतला रामदास फोनवर म्हणाला होता, "तुम्ही बांधलं तर फुटलं-तुटलं तुमच्यावर."

"असू दे," भगवंत म्हणाले.

मेहुणा बहिरू डिंभ्याहून भाताचा पेंढा घेऊन आला. भगवंतांनी तो दोन दिवस उन्हात घातला, झटकला आणि कंपनीनं पाठवलेल्या पुठ्ठ्याच्या सतरा पेट्या चार दिवसांत भरल्या. भांडी, काचेच्या बरण्या, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा. पेटी हलवली तर आतून आवाज नाही.

मंगळवारी सकाळी नऊला रामदास यादी तपासायला आला. गाडी चारला येणार होती. एका पेटीच्या फटीतून काडी डोकावत होती, ती त्यानं ओढून काढली.

"काका, हे काय?"

"पेंढा. चांगला वाळवलाय."

"सगळ्यांत?"

"एका पेटीत घालून दुसरीत नाय, असं कसं चालंल?"

रामदास पायरीवरच बसला. पेंढा, गवत, माती, दाणा, यातलं काहीही त्या देशात चालत नाही, त्यानं सांगितलं. पेटी उघडून बघतात. सापडलं तर सगळा माल अडकवतात, कधी जाळूनही टाकतात.

"तिकडच्या गाया उपाशी ऱ्हातात का काय?" भगवंतांच्या बायकोनं, कुशाबाईंनी विचारलं.

"मावशी, त्यांच्या गाईंना आपल्याकडचा रोग लागू नये म्हणूनच."

"पुढच्या बोटीनं धाडलं तर?" भगवंतांनी विचारलं.

"पाच आठवड्यांनी आहे. पण कागदावर सह्या ताईंच्या लागतात. आणि ताई तर परवा, गुरुवारी चालल्या."

स्नेहल दारात उभी होती. "आबा, ऱ्हाऊ द्या. भांडी काय, तिकडं मिळत्यात."

भगवंतांनी तिच्याकडं पाहिलं नाही. सदरा काढून खुंटीला अडकवला आणि पहिल्या पेटीची चिकटपट्टी कापली.

पेंढा काढणं सोपं होतं. पण त्याच्या जागी काय घालायचं? रामदासच्या गाडीत फुग्यांचं प्लास्टिक होतं, ते दोन पेट्यांना पुरलं असतं. भगवंतांनी ते बोटांनी दाबून पाहिलं. मग म्हणाले, "आपली द्राक्षं परदेशात जात्यात, ती पेंढ्यात जात्यात का?"

त्यांनी ज्ञानेश्वरला फोन लावला. दोघांनी बाजारात बरोबर काम केलेलं, आता ज्ञानेश्वर द्राक्षाच्या पॅकहाऊसवर मुकादम होता. अर्ध्या तासात तो मोटारसायकलवर फुग्यांच्या प्लास्टिकचे आणि फोमचे गठ्ठे बांधून आला. सगळं कोरं.

"एकतीस वर्षं पेंढा भरला राव, आता काढायला बसलास," तो म्हणाला.

"बोलू नको. बरण्या पूस."

भगवंतांनी कामं वाटून दिली. पेंढा अंगणाच्या पार टोकाला. तिथला माणूस हातपाय धुतल्याशिवाय ओट्यावर येणार नाही. प्रत्येक पेटी उलटी करून झटकायची, आतून पुसायची. प्रत्येक भांडं एकदा ओल्या, एकदा कोरड्या फडक्यानं. रामदासनं एक पातेलं नुसतं झटकून ठेवलं, ते भगवंतांनी त्याच्यापुढं परत सरकवलं. त्यानं पुसलं. किटलीच्या तोटीत भाताचे दोन दाणे निघाले. कुशाबाईंनी ते सुईनं काढले आणि सगळ्यांना दाखवले. त्यानंतर घाई करा असं कुणी म्हणालं नाही.

पाट्याला टाकी लावून पाडलेल्या खाचांत बारीक भुसा बसला होता. भगवंतांनी पाटा तारेच्या ब्रशानं तासभर घासला आणि उन्हात उभा केला. मशीनच्या दातांत काड्या अडकल्या होत्या. बहिरूनं ते पंक्चरच्या दुकानात नेऊन हवेच्या नळीनं फुंकून आणलं. दुकानदारानं विचारलं म्हणे, मशीन पंक्चर झालं का?

पावणेचारला सोळा पेट्या बंद झाल्या होत्या. गाडी आली तेव्हा सतरावी उघडीच होती. ड्रायव्हर हॉर्न देत राहिला. भगवंतांनी आतल्या बरण्या पुन्हा एकदा उजेडात फिरवून पाहिल्या, मग झाकण लावलं.

त्यानंतर दहा आठवडे गेले. फोन वाजला की भगवंत उचलायला कुशाबाईंना सांगत. एकच काडी पुरे, हे त्यांना ठाऊक होतं.

वैशाखात एका सकाळी स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागं पेट्या रचलेल्या होत्या.

"आबा, पाच पेट्या उघडल्या त्यांनी. बॅटरी लावून बघितलं. पाट्यावर तर भिंग धरलं."

"मग?"

"काय नाय सापडलं. शिक्का मारून दिल्या."

"आन् फुटलं किती?"

"एक बशी. ती मी भरली व्हती."

भगवंतांनी फोन कुशाबाईंच्या हातात दिला, भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "च्या टाक. साखर जरा जास्त घाल आज."