पहिल्या गाण्याचा मान

सावळेराम ट्रम्पेट वाजवायचा आणि दारू विकायचा. येडगावच्या फाट्यावर त्याचं वाइन शॉप होतं, आणि जत्रांच्या हंगामात तो आमच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या पुढे उभा असायचा. मी मागे ड्रमवर. वाजवायला लागला की आख्खी जत्रा गप्प करायचा. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं काही त्याला जमलं नाही.

बायको कुशाबाई गल्ल्यावर बसायची. "एक काय ते धरा," ती म्हणायची. "फुका, न्हाईतर इका."

नव्व्याण्णव साली त्यानं एकदाचं ठरवलं. पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रानं त्याला बोलावलं होतं. गावची जत्रा वाजवायची, दुकान मेव्हण्याच्या गळ्यात घालायचं आणि निघायचं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे जत्रेत देवाच्या गाण्यानंतरची पहिली फर्माईश म्हणजे मान. माइकवर कुणाच्या आळीचं नाव आधी आलं, यावर लोक वर्षभर मिशा पिळतात. जत्रेच्या सकाळी वरच्या आळीचा गेणभाऊ दुकानात आला. "पयलं गाणं आमचं, काय?" सावळेराम म्हणाला, "तुमचंच की भाऊ!" दुपारी खालच्या आळीचा जानकू आला. त्यालाही हेच सांगून या बहाद्दरानं दोघांना बाटल्यांची खोकी भरून दिली. गल्ल्यामागे उभा राहिला की त्याची अक्कल चरायला जायची.

उन्हं कलली. देवाचं गाणं झालं आणि निवेदकानं वरच्या आळीचं नाव घेतलं. खालची आळी उठलीच. "सावळ्या, शबुद दिलता ना मला?" म्हणत जानकू स्टेजवर चढला. गेणभाऊच्या पोरांनी त्याला तंगडी धरून खाली खेचलं. डोकं फळीवर आपटल्याचा आवाज मला ड्रममागे ऐकू आला. मग खुर्च्या, बांबू, दगड. एकाचा कान फाटून लोंबत होता, तरी तो मारतच होता. सावळेराम ट्रम्पेट छातीशी धरून ओरडत होता, "आरं, दोघांचं वाजवतो! दोघांचं!"

बाटली सरळ तोंडावर आली. त्याच्याच दुकानातली. वरचा ओठ नाकापर्यंत चिरला, पुढचे दात स्टेजवर सांडले.

ट्रम्पेटवाल्याचा सगळा जोर ओठ आणि दातांवर. कवळी बसवली, पण सूर लागेना. पुण्याहून पुन्हा निरोप आला नाही. तो दुकानातच बसू लागला. त्याच्याकडे बघवत नसे.

दिवाळीच्या तोंडावर दोन्ही आळ्यांचा समेट झाला. मी दुकानातच होतो. गेणभाऊ आणि जानकू खांद्यावर हात टाकून समेटाची बाटली घ्यायला आले. भिंतीवरचा ट्रम्पेट बघून जानकू म्हणाला, "झालं गेलं सोड राव. वाजव की एखादं, आमच्या दोघांसाठी."

आणि सावळेराम नाही म्हणाला नाही. ट्रम्पेट काढला, ओठाला लावला. नुसती हवा गेली, लाळ गळली. दोघं खो खो हसले.

त्यानं ट्रम्पेट नळीकडून धरला आणि बाटल्यांच्या फळीवर फिरवला. एक फळी, दुसरी, तिसरी. काचा उडाल्या, दारू उंबऱ्यापर्यंत वाहिली. ट्रम्पेट चेपून वाकडा झाला तरी हात थांबेना. शेवटी कुशाबाईनं त्याला पाठीमागून मिठी मारली, तेव्हा तो काचांत बसून रडला.

गेणभाऊ पाय वाचवत बाहेर पडला. दारातून मागे वळून म्हणाला, "मंग आता आमी बाटली कुठनं घ्यायची?"